बीएस-६ डिझेल गाडी: डीपीएफचा दिवा विझतो आणि पुन्हा लागतो, तेव्हा काय तपासायचं

तक्रार साधारण अशी असते. मीटरवर डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, पिवळा दिवा लागतो, सर्व्हिस सेंटरला रिजनरेशन (साचलेली काजळी तापवून जाळणं) करून देतात, दिवा जातो. दोन-तीनशे किलोमीटरांत तो पुन्हा हजर. पुन्हा रिजन. तिसऱ्या वेळी ‘फिल्टरच बदलावा लागेल’ असं सांगून मोठं कोटेशन हातात ठेवलं जातं. दरम्यान कुणी सांगतं की डिझेलच खराब येतंय, पंप बदला. आणखी कुणी सांगतं की तो फिल्टर काढूनच टाका, कटकट जाईल.

फिल्टर भरणं हे लक्षण आहे, आजार वेगळाच असतो. काजळी गरजेपेक्षा जास्त तयार होत असेल, तयार झालेली नीट जळत नसेल, सगळं ठीक असून दाबाचा सेन्सर चुकीचं वाचत असेल, किंवा फिल्टरमध्ये काजळी नव्हे तर राख साठली असेल. या चारांपैकी काय झालंय हे ठरवल्याशिवाय केलेलं रिजनरेशन पुढचा दिवा थोडा लांबवतं, एवढंच.

आधी दिवा कोणता, ते बघा

गाडी बीएस-६ (धुरावरच्या सरकारी मर्यादांचा सध्याचा टप्पा) आहे का याचीच खात्री नसेल, जुनी गाडी घेतली असेल तर विशेषतः, समोरच्या काचेवरचं नंबर प्लेटसोबतचं स्टिकर बघा. डिझेलसाठी ते केशरी असतं आणि बीएस-६ गाडीच्या स्टिकरवर वरच्या बाजूला १ सेंटिमीटरची हिरवी पट्टी असते. बीएस-४ च्या बहुतेक डिझेल कारमध्ये डीपीएफ नसतोच, त्यामुळे त्यांच्या धुराचा विचार वेगळा करावा लागतो.

फक्त डीपीएफचा पिवळा दिवा स्थिर लागला असेल तर गाडी एवढंच सांगतेय की काजळी साचली आहे आणि ती जाळायला तिला संधी मिळालेली नाही. ही अवस्था घरच्या घरी सुटते. तोच दिवा लुकलुकत असेल किंवा त्याच्या जोडीला चेक इंजिनचा दिवा लागला असेल, पिकअप पडला असेल, तीन हजार आरपीएमच्या वर गाडी जायला तयार नसेल, तर ती लिंप मोडमध्ये, म्हणजे संगणकाने ताकद कमी केलेल्या अवस्थेत, गेली आहे. अशा वेळी हायवेला पळवून उपयोग नाही, कारण बहुतेक गाड्यांत या टप्प्यावर संगणक रिजनरेशन सुरूच करत नाही. स्कॅनर (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारं यंत्र) लावावाच लागतो. आणि डीईएफचा किंवा ॲडब्लूचा (नॉक्स वायू कमी करणाऱ्या युरियाच्या द्रावणाचा) दिवा असेल तर तो पूर्ण निराळा विषय; त्याच्याबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

स्थिर पिवळ्या दिव्यावर करायची गोष्ट अशी. टाकीत पाव टाकीपेक्षा जास्त डिझेल असू द्या. रिझर्व्हचा दिवा लागलेला असताना बऱ्याच गाड्या रिजनरेशन सुरू करत नाहीत. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर मोकळ्या रस्त्यावर वीस ते पंचवीस मिनिटं सलग चालवा, आरपीएम २००० ते २५०० च्या आसपास ठेवून. वेगापेक्षा आरपीएम महत्त्वाचा आहे, म्हणून ताशी ६० ने जाता येत असेल तर एक गिअर खालचा ठेवा. ऑटोमॅटिक गाडी फार लवकर वरच्या गिअरमध्ये जाऊन १४०० आरपीएमवर रेंगाळते, तिला मॅन्युअल मोडमध्ये धरून ठेवा. मध्ये थांबून गाडी बंद करू नका.

रिजनरेशन चालू आहे हे कळायला बऱ्याच गाड्यांत दिवा नसतो, खुणा असतात. सिग्नलला थांबल्यावर आयडल नेहमीच्या ८०० ऐवजी १००० च्या जवळ दिसतो, तात्कालिक ॲव्हरेज एकदम घसरतं, स्टार्ट-स्टॉप काम करेनासं होतं, गाडी बंद केल्यावरही पंखा जोरात फिरत राहतो आणि गरम लोखंडासारखा वास येतो. अशा वेळी शक्य असेल तर दहा-पंधरा मिनिटं जास्त चालवून मग घरी जा. या खुणा ओळखता आल्या की निम्मा प्रश्न सुटतो, कारण अर्धवट तोडलेलं रिजनरेशन हेच पुन्हा पुन्हा लागणाऱ्या दिव्याचं सर्वांत मोठं कारण आहे.

फिल्टर आला कुठून, आणि डिझेलशी त्याचा संबंध

इथे थोडं धोरणाबद्दल बोलावं लागेल, कारण ‘डिझेल खराब’ या संशयाचा निकाल त्याशिवाय लावता येत नाही.

देशात डिझेलमधलं गंधक टप्प्याटप्प्याने कमी केलं गेलं. बीएस-३ ला मर्यादा ३५० पीपीएम (दहा लाख भागांत ३५० भाग) होती, बीएस-४ ला ५०, बीएस-६ ला १०. माशेलकर समितीच्या अहवालावर २००३ चं वाहन इंधन धोरण ठरलं आणि बरीच वर्षं देशात दोन प्रकारचं डिझेल विकलं गेलं: मोठ्या शहरांत स्वच्छ, बाकी ठिकाणी त्याच्या मागच्या टप्प्याचं. २०१० मध्ये बीएस-४ सुरू झालं ते १३ शहरांत. त्यात मुंबई आणि पुण्याबरोबर सोलापूरही होतं. या दुहेरी व्यवस्थेत कारला डीपीएफ बसवणं धोक्याचं होतं, कारण शहराबाहेर टाकी भरली की फिल्टरच्या आधीचा उत्प्रेरक (कॅटॅलिस्ट) बिघडायला सुरुवात. १ एप्रिल २०१७ ला बीएस-४ देशभर आलं. नंतरची योजना बीएस-५ ची होती. ती गाळून थेट बीएस-६ वर जायचं सरकारने जानेवारी २०१६ मध्येच जाहीर केलं होतं. दिल्लीत ते डिझेल १ एप्रिल २०१८ ला मिळू लागलं आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर सगळीकडे १० पीपीएम.

गंधकाचा आकडा एवढा खाली का आणावा लागला? डीपीएफच्या आधी एक ऑक्सिडेशन कॅटॅलिस्ट असतो. तो धुरातल्या नायट्रिक ऑक्साइडचं नायट्रोजन डायऑक्साइड करतो, आणि तो वायू साधारण २५० ते ४०० अंशांवरच काजळी हळूहळू जाळत राहतो. यालाच पॅसिव्ह रिजनरेशन म्हणतात. चालकाला ते कळतही नाही. गंधक असेल तर कॅटॅलिस्टमधल्या त्याच प्लॅटिनमवर त्याचं सल्फर ट्रायऑक्साइड होतं, कॅटॅलिस्टची जागा सल्फेटने अडते, आणि पॅसिव्ह रिजनरेशन मंदावतं. काही गाड्यांत नॉक्स (नायट्रोजनची ऑक्साइडं) पकडायला एलएनटी हा सापळा असतो. त्यात गंधक तर जवळजवळ कायमचं चिकटून बसतं आणि ते काढायला ६०० अंशांच्या वर तापवावं लागतं.

५० लिटरच्या टाकीत सुमारे ४२ किलो डिझेल बसतं. बीएस-६ च्या मर्यादेत त्यात जास्तीत जास्त ०.४२ ग्रॅम गंधक असू शकतं. बीएस-३ मध्ये तेच जवळपास पावणेपंधरा ग्रॅम होतं. दुसऱ्या बाजूला गाडीवरची अट: डिझेल कारच्या धुरातले कण बीएस-४ मध्ये किलोमीटरला ०.०२५ ग्रॅमपर्यंत चालत होते, बीएस-६ मध्ये ०.००४५ ग्रॅम, आणि वर कणांच्या संख्येचीही मर्यादा. कणांच्या संख्येची ती अट फिल्टरशिवाय डिझेल इंजिनाला व्यवहारात पाळता येत नाही. म्हणजे स्वच्छ डिझेलमुळे फिल्टर शक्य झाला आणि नियमामुळे तो अटळ झाला.

मग दिव्याला डिझेल जबाबदार असतं का? क्वचित. एखाद्या टाकीतल्या भेसळीमुळे दोनशे किलोमीटरांत फिल्टर भरत नाही. भेसळीचं नुकसान हळू होतं आणि त्याची खूण वेगळी असते: रिजनरेशनच्या वेळी पांढरट धूर, काडेपेटीच्या काडीसारखा तिखट वास, आणि दोन रिजनमधलं अंतर काही महिन्यांत कमी कमी होत जाणं. एका ठराविक पंपावर भरल्यानंतर लगेच इंजिन खडखडलं, सुरू व्हायला वेळ लागला, तर संशय घ्यायला जागा आहे. नुसत्या डीपीएफच्या दिव्यावरून पंपाला दोष देणं बहुतेक वेळा चुकीचं ठरतं.

पंपावर घनता तपासून मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे, आणि तो वापरावा. हायड्रोमीटर आणि थर्मामीटर पंपावर असतातच. मिळालेली घनता १५ अंश सेल्सियसला रूपांतरित करून त्या दिवशीच्या नोंदीशी ताडून बघतात, ३ किलो प्रति घनमीटरपर्यंतचा फरक चालतो. पण या चाचणीची मर्यादा समजून घ्या. रॉकेलची घनता डिझेलपेक्षा साधारण ३५ ने कमी धरली तर ५ टक्के भेसळीने फरक पडतो पावणेदोनचा. चाचणी पास! त्या रॉकेलमध्ये १००० पीपीएम गंधक असेल तर टाकीतलं गंधक मात्र १० वरून ६० पीपीएमच्या जवळ गेलेलं असतं, म्हणजे बीएस-४ च्याही मागे. गंधक मोजायला प्रयोगशाळाच लागते. म्हणून खात्रीशीर संशय असेल तर बिल जपून ठेवा, तेल कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि सीलबंद नमुना घ्यायला लावा. रस्त्याकडेला टँकरमधून ‘बायोडिझेल’ म्हणून स्वस्तात विकलं जाणारं काहीही बीएस-६ गाडीत घालू नये, हे सांगायला चाचणीची गरज नाही. नियमानुसार बीएस-६ डिझेलमध्ये ७ टक्क्यांपर्यंत बायोडिझेल चालतं आणि ते तेल कंपनी स्वतः मिसळते.

महागडं ‘प्रीमियम’ डिझेल भरून दिवा जाईल का, असंही विचारलं जातं. त्यात इंजेक्टर साफ ठेवणारी रसायनं असतात, गंधकाची मर्यादा मात्र तीच १० पीपीएम. अडलेला फिल्टर त्याने मोकळा होत नाही.

आणखी एक सवय इथेच सोडून द्या. गंधक काढताना डिझेलचा वंगणपणा कमी होतो हे खरं आहे, म्हणून काही जण टाकीत टू-टी ऑइल घालतात. पण रिफायनरीतच वंगणपणा वाढवणारं द्रव्य घातलेलं असतं आणि त्याची चाचणी डिझेलच्या मानकातच आहे: घर्षणाच्या खुणेचा व्यास ४६० मायक्रॉनच्या आत. वरून घातलेल्या ऑइलची राख डीपीएफमध्ये जाते आणि राख कोणत्याही रिजनरेशनने जळत नाही.

दिवा परत येतोय: तपासणीचा क्रम

स्कॅनर लावल्यावर कोड वाचण्याआधी तीन आकडे मागा: शेवटचं पूर्ण रिजनरेशन किती किलोमीटरपूर्वी झालं, त्याआधीच्या काही रिजनमधलं अंतर किती, आणि किती वेळा ते अर्धवट तुटलं. निरोगी गाडीत दोन रिजनमधलं अंतर वापरानुसार साधारण ३०० ते ६०० किलोमीटर असतं. १५० च्या खाली सतत येत असेल तर काहीतरी बिघडलं आहे. अंतर ठीक असून तुटलेल्या रिजनची संख्या मोठी असेल तर गाडी चांगली आहे, वापर तिला सोसत नाहीये.

वापराचा प्रश्न असेल तर पार्ट बदलून काहीच होणार नाही. रोज चार-पाच किलोमीटर ऑफिस, तेही ट्रॅफिकमध्ये, असा वापर डिझेल कारला मानवतच नाही. आठवड्यातून एकदा अर्ध्या-पाऊण तासाची सलग फेरी हा त्यावरचा उपाय. तेही जमणार नसेल तर पुढची गाडी पेट्रोल किंवा सीएनजी घेणं शहाणपणाचं. हे कटू वाटेल, पण शोरूममध्ये कुणी सांगत नाही म्हणून इथे लिहिलं.

वापर ठीक आहे आणि तरी रिजन सुरूच होत नाही, अशा गाडीत सर्वांत आधी थर्मोस्टॅट बघा. हा स्वस्त पार्ट आहे आणि नेहमी नजरेतून सुटतो. तो उघडा अडकला तर कूलंट ८५-९० अंशांवर पोहोचण्याऐवजी ६०-६५ वर रेंगाळतं, आणि संगणकाला वाटतं इंजिन अजून थंड आहे. मीटरवरच्या काट्यावर विश्वास ठेवू नका. स्कॅनरवर चालत्या गाडीत खरं तापमान बघा. कोड पी०१२८ आला असेल तर निर्णय झालाच. त्यानंतर धुराच्या तापमानाचे सेन्सर: रात्रभर उभ्या गाडीत चावी ऑन करून सगळे सेन्सर हवेच्या तापमानाच्या जवळपास आणि एकमेकांच्या जवळ दाखवतात का ते बघा. एखादा ४०-५० अंशांनी वेगळा असेल तर तो बदलायचा. ग्लो प्लगचा बिघाड, किंवा कोणताही चेक इंजिनचा जुना कोड, काही गाड्यांत रिजनला आपोआप मनाई करतो. ‘तो दिवा जुनाच आहे, सोडून द्या’ असं म्हणू नका.

मग दाबाचा सेन्सर. डीपीएफच्या आधी आणि नंतर एकेक बारीक नळी निघते आणि सेन्सरला जाते. दोन्हींतल्या फरकावरून काजळीचा अंदाज केला जातो. इंजिन बंद, चावी ऑन: आकडा शून्य हवा. शून्याला स्थिर नसेल तर सेन्सर खराब किंवा नळीत पाणी. गरम इंजिन, आयडल: साधारण १० मिलिबारच्या आत. गाडी जागेवर २५००-३००० आरपीएमला धरल्यावर आकडा वाढायला हवा आणि सोडल्यावर लगेच खाली यायला हवा. रेस करूनही आकडा शून्यालाच चिकटून राहिला तर नळी निसटली आहे, चिरली आहे किंवा काजळीने बंद झाली आहे. नळ्या काढून तारेने किंवा हवेने साफ करा, पण सेन्सरच्या बाजूने हवा मारू नका, पडदा फाटतो. पावसाळ्यात आणि पाण्यातून गेलेल्या गाड्यांत ही तक्रार फार येते. पी२४५२ ते पी२४५५ यांपैकी कोड असेल तर फिल्टरचं कोटेशन घेण्याआधी एवढी तपासणी झालीच पाहिजे. नळ्या उलट्या जोडल्या गेल्याच्याही केस आढळतात, विशेषतः आधी कुठेतरी सायलेन्सर खोललेला असेल तर.

सेन्सर बरोबर, तापमान बरोबर, रिजन पूर्ण होतंय, तरी दीडशे किलोमीटरांत फिल्टर भरतोय. म्हणजे इंजिन काजळी जास्त काढतंय, आणि शोध आता फिल्टरच्या मागे, इंजिनाकडे न्यायचा. डिझेलला हवा कमी पडली की काजळी होते, हे एक सूत्र धरून चाला. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतच्या रबरी पाइपांवर तेलकट ओल दिसली तर तिथून हवा गळतेय. पाइप काढून आतून वाकवून बघा, चीर बहुतेक खालच्या बाजूला असते. एअर फिल्टर, आणि त्यानंतरचा हवेचा प्रवाह मोजणारा सेन्सर. ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) काजळीने उघडा अडकला तर इंजिन स्वतःचाच धूर जास्त ओढतं. स्कॅनरवर मागितलेली आणि प्रत्यक्ष उघड यांत सतत फरक दिसतो. ईजीआर बंद करून टाकणं हा उपाय नाही. त्याने नॉक्स वाढतो आणि बऱ्याच गाड्यांत दुसराच कोड येतो.

इंजेक्टर तपासताना आयडलला संगणक प्रत्येक सिलिंडरचं डिझेल किती कमी-जास्त करतोय (करेक्शन) ते वाचा. एखादा बाकीच्यांपेक्षा खूप वेगळा असेल तर परतीच्या डिझेलची चाचणी करा: चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडून इंजिन ठराविक वेळ चालवायचं. एका बाटलीत बाकीच्यांच्या दुप्पट डिझेल जमलं तर तो इंजेक्टर बाहेर. नवा किंवा दुरुस्त केलेला इंजेक्टर बसवल्यावर त्याच्यावरचा कोड संगणकात भरावा लागतो. हे राहून जातं आणि मग नव्या इंजेक्टरनेही काजळी होते.

इंजेक्टर बिघडण्याचं एक कारण पाणी. डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी सोडायचा स्क्रू असतो. गाडी काही तास उभी राहिल्यावर तो सैल करून पाव लिटरभर काचेच्या बरणीत घ्या आणि दहा मिनिटं ठेवा. पाणी खाली बसतं, त्याची रेषा स्पष्ट दिसते. तपकिरी बुळबुळीत थर असेल तर टाकीत जंतूंची वाढ झाली आहे आणि नुसता फिल्टर बदलून चालणार नाही, टाकी साफ करावी लागेल. मानकानुसार बीएस-६ डिझेलमध्ये किलोला २०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त पाणी नको, त्यामुळे बरणीत दिसेल एवढं पाणी मुळात असायला नको. पावसाळ्यात टाकी रिकामी ठेवायची सवय असेल तर आतल्या दमट हवेचं पाणी होतं. टाकी निम्म्याच्या वर ठेवा.

ऑइलची पट्टी काढून बघा

ही तपासणी मालक स्वतः करू शकतो आणि बहुतेक जण करत नाहीत. ॲक्टिव्ह रिजनरेशनमध्ये इंजिन जास्तीचं डिझेल उशिरा फवारतं, ते कॅटॅलिस्टमध्ये जळून फिल्टर ६०० अंशांच्या आसपास तापतो. त्यातलं काही डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. रिजन वारंवार होत असेल किंवा अर्ध्यात तुटत असेल तर ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढते. पट्टीवर ती वरच्या खुणेच्या वर गेली असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर ऑइल पातळ झालं आहे. किलोमीटर पूर्ण झाले नसले तरी बदला. वरचं थोडं काढून टाकून भागत नाही. पातळी फारच वाढली तर ते ऑइल इंजिनाच्या ब्रीदर पाइपमधून हवेच्या वाटेत जातं आणि इंजिन चावी बंद करूनही स्वतःच्याच ऑइलवर धावत सुटू शकतं.

ऑइल बदलताना डब्यावर कमी राखेचं मानक बघा: गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं, एसीईए या युरोपीय संघटनेचं सी२, सी३ वगैरे. सी३ मध्ये सल्फेटेड राख ०.८ टक्क्यांपर्यंतच चालते. जुन्या डिझेलसाठी बनवलेलं, जास्त राखेचं ऑइल ‘जाड आहे, चांगलं आहे’ म्हणून ओतलं तर फिल्टरचं आयुष्य त्याच प्रमाणात घटतं. राख कमी-जास्त प्रमाणात साचतेच. गाडी दीड लाख किलोमीटरच्या पुढे गेली असेल, पूर्ण रिजननंतर लगेच दाबाचा फरक पुन्हा जास्तच दिसत असेल आणि पी२४२एफ आला असेल, तर राखेचाच प्रश्न आहे. मग फिल्टर उतरवून यंत्राने साफ करवून घ्यावा लागतो. ते करताना आधीचं आणि नंतरचं वजन लेखी मागा. सायलेन्सरच्या दुकानात ॲसिड किंवा प्रेशर वॉशर मारून केलेली सफाई आतल्या पातळ भिंती आणि त्यांवरचा लेप दोन्ही घालवते.

जागेवरचं रिजनरेशन

वर्कशॉपमध्ये स्कॅनरने करतात ते. दोन अटी आहेत. एक, मूळ कारण सापडलेलं असावं. दुसरी, काजळीची पातळी गाडीच्या कंपनीने ठरवलेल्या मर्यादेच्या आत असावी. त्यापलीकडे काजळी एकदम पेटते आणि फिल्टर आतून वितळतो किंवा तडकतो. गाडी उघड्यावर, सिमेंटच्या जमिनीवर उभी करा. बेसमेंट, सुकलेलं गवत, पालापाचोळा, रबरी चटई, काहीही खाली नको. ऑइलची पातळी आधी बघा आणि काम झाल्यावर ऑइल बदला.

फिल्टर काढण्याबद्दल

सायलेन्सर कापून आतला गाभा काढणे आणि संगणकात फेरफार करणे हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरुद्ध आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि प्रदूषणाच्या मर्यादा मोडल्याबद्दल कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड वेगळा. पीयूसीच्या धूरमापकात अशी गाडी कधी कधी निसटते, हे खरं आहे. ते यंत्र एवढ्या सूक्ष्म कणांसाठी नाहीच. वापरलेली गाडी घेणाऱ्याला मात्र एका बोटाने कळतं. थंड गाडीच्या टेलपाइपच्या आतून बोट फिरवा. धड डीपीएफ असलेल्या बीएस-६ गाडीत बोट जवळपास स्वच्छ निघतं. काळं झालं तर फिल्टर तडकलाय किंवा आत नाहीच.

डीईएफचा दिवा

१ एप्रिल २०२३ पासून बीएस-६ चा दुसरा टप्पा लागू झाला, ज्यात गाडीचा धूर रस्त्यावर चालवूनही मोजला जातो. नॉक्स त्या कसोटीत बसवायला बऱ्याच डिझेल गाड्यांनी युरियाची टाकी घेतली. त्यात ३२.५ टक्के युरियाचं द्रावण लागतं आणि ते घरी बनवता येत नाही. शेतातल्या युरियात आणि नळाच्या पाण्यात जे क्षार असतात ते उत्प्रेरकाला मारतात. निळ्या झाकणाच्या डीईएफच्या टाकीत डिझेल किंवा डिझेलच्या टाकीत डीईएफ गेलं तर चावीही ऑन करू नका, टो करून न्या. गुणवत्तेचा कोड पी२०७एफ आला असेल तर जुनं द्रावण काढून ताजं, सीलबंद डब्यातलं घाला. उन्हात ठेवलेला डबा वर्षभर टिकत नाही. नोझलभोवती पांढरे खडे जमले असतील तर ते कोमट शुद्ध पाण्याने विरघळतात, खरवडू नका. ‘इतक्या किलोमीटरांनंतर गाडी सुरू होणार नाही’ हा इशारा खरा असतो. आकडा शून्य झाला की ती खरोखर सुरू होत नाही.

दुरुस्तीनंतर

फिल्टर बदलला किंवा साफ केला तर संगणकातली जुनी राख-काजळीची गणना शून्य करावी लागते, आणि दाबाचा सेन्सर बदलला तर त्याचं शून्य नव्याने शिकवावं लागतं. हे न केल्यास नवा फिल्टर असूनही गाडी जुन्याच हिशोबाने रिजन मागत राहते. गाडी ताब्यात घेताना स्कॅनरच्या पडद्याचे फोटो मागा: काजळीचा आकडा, आयडलचा दाब, कूलंटचं तापमान, पुसलेले कोड. मग पुढची तीन रिजन कोणत्या किलोमीटरला झाली ते वर सांगितलेल्या खुणांवरून लिहून ठेवा. तिन्ही अंतरं तीनशेच्या वर आणि ऑइलची पातळी जागेवर असेल, तर दुरुस्ती लागू पडली. अंतर दर वेळी घटत असेल तर ती वही घेऊन त्याच वर्कशॉपला परत जा आणि तपासणी टर्बोच्या पाइपांपासून पुन्हा सुरू करायला सांगा.